निळा दिवा विझेना: 2018 च्या एका पेट्रोल गाडीची तपासणी

माझी मावसबहीण मिरजेत एका हॉस्पिटलात नर्स आहे, राहायला तासगावात, आणि महिन्यातनं दहा-बारा दिवस तरी तिची रात्रपाळी असते. एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून यायचं, पावसाळ्यात तर नुसते हाल. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा बजेट चार लाख, आणि त्यातच ट्रान्सफर, इन्शुरन्स, टायर, जे काय निघेल ते काम, सगळं बसवायचं. ती मला एवढंच म्हणाली, "दादा, गाडी जुनी चालंल, पण रात्री अडीचला रस्त्यात बंद पडायला नको." ते वाक्य शेवटपर्यंत डोक्यात राहिलं आणि पुढं जे केलं ते सगळं त्या एका वाक्यासाठी केलं.

गाडी मिरजेतल्याच एका रिटायर झालेल्या काकांची. मार्च 2018 चं पासिंग, एमएच 10, 1.2 लिटर चार सिलेंडर पेट्रोल हॅचबॅक, पहिलेच मालक, मीटरवर 61 हजार, मागणी 4 लाख 10 हजार. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण जो घोटाळा निघाला तो कंपनीचा नव्हता, त्या एका गाडीवर झालेल्या कामाचा होता, आणि हे काम कुठल्याही कंपनीच्या गाडीवर झालेलं सापडतं.

मे 2024 मधली गोष्ट. आम्ही दुपारी गेलो तर गाडी सावलीत पुसूनपासून उभी. मी बोनेटवर हात ठेवला तर गरम. काका म्हणाले बॅटरी उतरू नये म्हणून सकाळी चालू करून ठेवली होती, त्यात खोटं काही नसेल, पण गरम इंजिन अर्धी माहिती लपवतं: स्टार्ट व्हायला किती वेळ लागतो, सुरुवातीला धूर कुठल्या रंगाचा येतो, इंजिनातली चेन खडखडते का, यातलं काहीच कळत नाही. म्हणून काकांना म्हणलं, उद्या सकाळी सातला येतो, तोवर कृपा करून चालू करू नका. ते लगेच हो म्हणाले. माणूस बरा वाटला मला तेव्हाच.

पण आत बसल्याबसल्या दोन गोष्टी खटकल्या होत्या. एक म्हणजे कुबट वास, आणि डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाखाली रबर मॅट उचलून हात लावला तर कार्पेट ओलं. सांगली-मिरजेच्या गाडीचं कार्पेट ओलं लागलं की आमच्याकडं कुणाच्याही मनात एकच येतं, महापूर. ऑगस्ट 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी 45 फूट, म्हणजे विचार करा, आणि 2021 च्या जुलैत परत पूर. पाण्यात गेलेल्या कितीतरी गाड्या धुऊन पुसून, सीट कव्हर बदलून विकल्या गेल्या. अशी गाडी वर्षभर नीट चालते आणि मग एकेक कनेक्टर हिरवा पडायला लागतो, कधी काचा चालत नाहीत, कधी एबीएसचा दिवा, कधी स्टार्टच होत नाही. रात्रपाळीच्या बाईला असली गाडी देणं म्हणजे पाप. बहीण तिथंच कानात म्हणाली, "जाऊ दे दादा, दुसरी बघू." मी पण जवळजवळ उठलोच होतो.

थांबलो ते पॉलिसीमुळं. काकांनी कागद काढून दिले त्यात मार्च 2024 ला रिन्यू केलेली पॉलिसी होती आणि तिच्यावर नो क्लेम बोनस 50 टक्के. हा आकडा लोक नुसता सवलत म्हणून वाचतात पण त्यात गाडीचा इतिहास असतो. बोनस चढतो 20, 25, 35, 45, 50 असा, दर वर्षी एक पायरी, आणि स्वतःच्या गाडीचा क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला शून्य. ऑगस्ट 2019 ला पुराचा क्लेम झाला असता तर मार्च 2020 ला शून्य, 2021 ला 20, मग 25, 35, आणि 2024 ला 45 आला असता, 50 नाही. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून हा हिशोब पहिला मालक असेल तरच धरायचा, आणि बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलेलं नाही हेही बघायचं, ते मी बघितलं. तरी यातनं एवढंच कळतं की क्लेम घेतला नाही. स्वतःच्या खिशातनं काम करून घेतलं असेल तर पॉलिसीला काय पत्ता. म्हणून गाडीच उघडून बघायची ठरलं.

दुसऱ्या दिवशी सोबत आमचे मिस्त्री होते, तासगावातलेच, तीस वर्षं इंजिनात हात घातलेला माणूस. आधी पुराची तपासणी. चारही सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढले, कारण धुताना बेल्टचं वरचं टोक आणि आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, तिथं गाळाची पिवळसर रेघ राहते. स्वच्छ. सीटखालच्या रेलचे बोल्ट बघितले, गंज नाही, पान्याच्या खुणा नाहीत म्हणजे सीट कधी काढलेल्या नाहीत. डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा, कोरडा, थोडी धूळ. हेडलाइटच्या आत काचेवर पाण्याचा डाग नाही. मग दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काकांना विचारून उचकटली आणि कार्पेटखालचा फोम दाबला तर डाव्या पुढच्या बाजूचा फोम नुसता भिजलेला, पण पाणी एकदम नितळ. गाळ नाही, माती नाही, आणि उजवीकडचा, मागचा फोम खणखणीत कोरडा. पुराचं पाणी एका कोपऱ्यात शिरून बाकीची गाडी सोडत नाही.

मग पाणी कुठलं? इथं दोन शक्यता. एसीच्या कॉइलवर दव धरतं ते पाणी एका छोट्या नळीतनं गाडीखाली पडतं, ती नळी तुंबली की पाणी आत येतं, हे किरकोळ काम. दुसरी शक्यता, डॅशबोर्डमागं हीटरचा छोटा रेडिएटर असतो, त्यातनं इंजिनचं पाणी फिरतं, तो लीक, आणि हे महाग काम, अख्खा डॅशबोर्ड खोलायला लागतो. नेहमी हे ओळखणं सोपं, कूलंट (इंजिन गार ठेवायचं द्रावण) असेल तर बोटाला चिकट लागतं आणि गोडसर वास येतो. पण मिस्त्रींनी थंड इंजिनवर रेडिएटरची टोपी उघडली तर आत कूलंट नाहीच, गंजट चहाच्या रंगाचं साधं पाणी! साध्या पाण्याला ना चिकटपणा ना वास, म्हणजे ती परीक्षा बाद. मग टाकीवर पाण्याच्या पातळीला पांढऱ्या टेपची पट्टी लावली, म्हणलं दोन-तीन दिवस बघू उतरतंय का. आणि एसी पंधरा मिनिटं लावून गाडीखाली वाकून बघितलं तर मे महिन्यात, एवढ्या उकाड्यात, खाली एक थेंब नाही. एसी चालू असताना गाडीखाली पाणी पडत नसेल तर ते आत कुठंतरी पडतंय. मिस्त्रींनी खालनं नळीत हवेचा पाइप लावून फुंकलं आणि भसकन तांब्याभर पाणी अंगावर आलं, मागनं पालापाचोळ्याचा गोळा. कुबट वासाचा विषय तिथं संपला. बहिणीचा चेहरा एकदम खुलला आणि काका पण हसले.

पण माझं मन आता त्या गंजट पाण्यात अडकलं होतं. 61 हजार चाललेल्या गाडीत कंपनीचं कूलंट जाऊन साधं पाणी कशाला येईल? पाणी तेव्हाच ओततात जेव्हा कधीतरी रस्त्यात पाणी कमी पडलेलं असतं.

मी ब्लूटूथचा स्कॅनर लावला, बाजारात हजाराच्या आत मिळतो तो, आणि मोबाइलवर रीडिंग बघायला लागलो. गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला दोषाचा कोड एकही नाही, चेक इंजिनचा दिवा बंद, म्हणजे वरनं सगळं छान. पण त्याच ॲपमध्ये कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हा आकडा दिसतो, तो होता 38 किलोमीटर. म्हणजे नुकतेच कुणीतरी कोड पुसलेत. काकांना विचारलं तर म्हणाले, "विकायच्या आधी सर्व्हिसिंगला दिली होती, पिवळा दिवा लागत होता तो त्यांनी घालवला." सरळ सांगितलं त्यांनी. जुनी गाडी बघायला जाताना लोक दिवा आहे का नाही एवढंच बघतात, मी म्हणेन की कोड कधी पुसलेत ते आधी बघा.

थंड स्टार्ट एसी लावायच्या आधीच बघितला होता, तो चांगला झाला. अर्ध्या सेल्फला चालू, निळा धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, काळा नाही, चेनचा आवाज नाही. ऑइलची टोपी काढली तर आतल्या बाजूला पांढुरकी सायीसारखी फेसाळ चिकटी. काळजात धस्स झालं. ही साय म्हणजे ऑइलमध्ये पाणी, आणि ऑइलमध्ये पाणी म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) गेलं, असं सगळे सांगतात. साध्या पाण्याची गोष्ट पण त्याला जुळतच होती.

गाडी चालवायला घेतली. या गाडीत तापमानाचा काटा नाही, थंड असेपर्यंत निळा दिवा आणि जास्त तापली की लाल, एवढंच. निळा दिवा दोन-तीन किलोमीटरात विझायला पाहिजे, मे महिन्यात तर अजून लवकर. तो विझला तब्बल बारा मिनिटांनी, मिरजेच्या गर्दीत. मग सांगली रोडला मोकळा रस्ता मिळाला, 80 चा स्पीड धरला आणि निळा दिवा परत लागला! स्कॅनरवर पाणी 54 डिग्री. परत गर्दीत आलो, 70, दिवा बंद. इंजिनचं पाणी 85-90 च्या आसपास राहायला पाहिजे, बाहेर 39 डिग्री ऊन, आणि इंजिन गारठतंय.

मिस्त्री मागच्या सीटवरनं म्हणाले, "वॉल्व काढलाय न्हवं ह्याचा."

थर्मोस्टॅट वॉल्व. इंजिन थंड असेपर्यंत तो बंद राहतो, पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, साधारण 82 ते 88 डिग्रीच्या मधे उघडतो. आपल्याकडं गाडी गरम झाली की रस्त्यावरचा मेकॅनिक पहिला हा वॉल्व काढून फेकतो, "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून. ही समजूत इतकी मुरलीय की चांगली माणसं पण तेच सांगतात, आणि मला याचा खरंच राग येतो. वॉल्व नसला की इंजिन कायम कोमट, कॉम्प्युटरला वाटतं अजून थंड आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि इंजिनात धरलेलं दव उडून जायला उष्णताच मिळत नाही. ते दव ऑइलच्या टोपीला साय धरून बसतं. म्हणजे ती साय गॅस्केटमुळं नसेलही! डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल काळं पण स्वच्छ, दुधाळ अजिबात नाही. पाणी गॅस्केटमधनं येत असतं तर खालचं ऑइल पण कॉफीसारखं झालं असतं. परत येईपर्यंत स्कॅनरवर एक पेंडिंग कोड आला, पी 0128, इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचत नाही हाच त्याचा अर्थ. काकांचा पिवळा दिवा हाच असणार.

बोनेट उघडून मिस्त्रींनी अजून एक दाखवलं. किल्ली फिरवली की रेडिएटरचा फॅन लगेच चालू, इंजिन थंड असताना पण. फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच म्हणजे रिले, त्याच्या जागी रिलेच नाही, सॉकेट वितळलेलं, आणि एक लाल वायर टेप गुंडाळून सरळ जोडलेली, मधे फ्यूज पण नाही. फॅन डायरेक्ट केलेला. फ्यूज नसलेली वायर घासून कुठं टेकली तर जाळ होतो, ती बघून मला त्या गाडीत माझी बहीण एकटी रात्री दिसायला लागली.

मग काकांना शांतपणे विचारलं, गाडी कधी तापली होती का. त्यांनी आठवून सांगितलं, वर्षापूर्वी गणपतीपुळ्याहून येताना आंबा घाट चढताना लाल दिवा लागला, एसी चालू, पाच माणसं, गाडी लगेच थांबवली, तासभर उभं राहिले, मग साखरप्याहून एक मेकॅनिक बोलावला, त्यानं "काहीतरी" केलं आणि पाणी ओतलं, तिथनं पुढं कधीच तापली नाही. वॉल्व काढला, वायर जोडली हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर अॅव्हरेज 17 वरनं 13 वर आलं ते त्यांना एसीमुळं वाटत होतं.

हा किस्सा ऐकून कोडं सुटत गेलं. गाडी कुठं तापते यावरनं दोष कळतो. सावकाश चालताना, चढावर, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्याला ठीक, तर हवेचा प्रश्न म्हणजे फॅन. मोकळ्या रस्त्याला स्पीडमध्ये तापते तर पाण्याचा प्रश्न, रेडिएटर चोंदलेला नाहीतर पंप दमलेला. आंबा घाटात सावकाश चढताना तापली, रिलेचं सॉकेट जळलेलं, म्हणजे फॅन बंद पडला होता. फॅनची वायर जोडली तिथंच दोष गेला होता, बिचारा वॉल्व विनाकारण गेला.

उरला एकच प्रश्न, पण सगळ्यात मोठा. त्या दिवशी तापल्यानं हेड वाकलं का, गॅस्केट गेलं का? आणि नेमकं हेच कळायला मार्ग नाही, कारण वॉल्व नसलेली, फॅन कायम फिरणारी गाडी अर्धं गॅस्केट गेलं तरी तापणार नाही. जुगाडानं दोष नाही जात, त्याचा पुरावा जातो. मी काकांना सरळ म्हणलं, वॉल्व बसवून, फॅन मूळच्यासारखा करून, मग गाडी ताणून बघितल्याशिवाय मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण. पाच हजार टोकन, कागदावर लिहून: काम आमच्या खर्चानं, गाडी पास झाली तर पैसे किमतीतनं वळते, नापास झाली तर टोकन परत आणि कामाचे पैसे आमचे बुडाले. काका म्हणाले, "तुम्ही माझीच गाडी नीट करून देताय, मी का नको म्हणू?"

नवीन वॉल्व हाउसिंगसकट, रिले आणि नवीन सॉकेट फ्यूजसह वायरमनकडनं, रेडिएटर आणि ब्लॉक तीनदा फ्लश, तयार कूलंट, मजुरी, सगळे मिळून 4 हजार 700. त्याच दिवशी चारही प्लग काढून कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, बघितलं: 172, 176, 174, 171 पीएसआय. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत हे महत्त्वाचं, शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम खाली असते तर गॅस्केट त्यांच्यामधे फुटलंय असं धरायचं असतं. मग टोपी उघडी ठेवून थंड इंजिन चालू केलं, बुडबुडे येत राहतात का बघायला. सुरुवातीला हवा निघाली, मग शांत. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) पहिल्या दोन मिनिटांत हाताला कडक लागला असता तर सिलेंडरचा गॅस पाण्यात घुसतोय समजायचं, तो मऊ होता.

आणि मग ताण. भर दुपारी दोनला एसी फुल लावून गाडी जागेवर चाळीस मिनिटं चालू. पाणी 88 ला स्थिर, हळूहळू 96, फॅन लागला, 91, फॅन बंद, परत 96. मी मोबाइलकडं बघत पारावर बसलेलो, बहीण दर पाच मिनिटांनी विचारतीय "किती?" मग कोल्हापूर रोडला अर्धा तास स्पीडमध्ये, 89-90. मग चौघं बसून दंडोबाच्या डोंगरावर, दुसऱ्या गिअरमध्ये, 97 च्या वर गेलं नाही. तीन दिवस गाडी आमच्याकडं होती, टेपच्या रेषेवरनं पाणी हललं नाही, आणि उन्हात दोन दिवस वाळवलेला फोम परत भिजला नाही, म्हणजे हीटरचा रेडिएटर पण शाबूत.

किमतीचं बोलणं इंजिनावर केलंच नाही, टायरवर केलं. टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. चारही टायर 0618, म्हणजे कंपनीतनं आलेलेच, नक्षी अजून दिसत होती पण सहा वर्षांचं रबर, कडेला बारीक भेगा. चार टायर, लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनचे रबर), आणि केलेलं काम मिळून 3 लाख 74 हजारांत ठरलं. बँकेचं कर्ज 2021 लाच फिटलेलं पण आरसीवर बोजा तसाच होता, तो आधी फॉर्म 35 आणि बँकेच्या एनओसीवर उतरवून घेतला, मग मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, ई-चलन एक 500 चं होतं ते काकांनी भरलं, आणि चौदा दिवसांच्या आत पॉलिसी बहिणीच्या नावावर. काकांचा 50 टक्के बोनस काकांकडंच राहतो, नवीन मालकाला तो मिळत नाही, त्यामुळं वरचा फरक भरायला लागला, ते पैसे बजेटमध्ये धरून ठेवा.

ऑइल लगेच बदललं आणि दोन हजार किलोमीटरला परत एकदा, वर्षभराचं उतरलेलं पेट्रोल जाऊ दे म्हणून. दुसऱ्या वेळी टोपी उघडली तर साय नव्हती. अॅव्हरेज आता साडेसतरा. दिवाळीनंतर बहीण घरच्यांना घेऊन गणपतीपुळ्याला गेली, येताना साखरप्याहून आंबा घाट चढताना स्कॅनर लावून भाच्याला रीडिंग लिहायला बसवलं होतं. माथ्यावर पोचल्यावर फोन आला, "दादा, 95. फॅन लागतोय आणि बंद पण होतोय." मी तो आकडा काकांना पण कळवला.